उमेदवाराची योग्यता आणि वाक्याची योग्यता : कॅलिफोर्नियातील काउंटी-निवडणुकीच्या पत्रकांचा एक विचार

१

निवडणुकीच्या भाषेचा विचार होतो तो बहुधा भाषणांचा, घोषणांचा आणि जाहीरनाम्यांचा. ज्या भाषेने वक्ता श्रोत्यांना हलवू पाहतो तिच्याकडे अभ्यासकाचे लक्ष जावे, हे स्वाभाविक आहे. परंतु मतदाराला खऱ्या अर्थाने पेचात टाकणारी भाषा याहून निराळी असते. ती शांत, आवरलेली, विशेषणांपासून दूर ठेवलेली आणि कायद्याने मोजून दिलेली असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काउंटीच्या अधिकारपदांसाठी उभे राहणारे उमेदवार मतदाराला जो मजकूर पुरवतात, तो या दुसऱ्या प्रकारचा उत्तम नमुना होय. मतपत्रिकेवर नावाखाली छापले जाणारे जास्तीत जास्त तीन शब्द आणि मतदार-माहितीपुस्तिकेत छापले जाणारे सामान्यतः दोनशे शब्दांच्या मर्यादेतील निवेदन, एवढाच हा मजकूर. एवढ्यावरून कोणता मनुष्य कोणत्या कामाला लायक आहे हे ठरवायचे असते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत लॉस अँजेलिस काउंटीची लोकसंख्या १ कोटीहून थोडी अधिक भरली, तर आल्पाइन काउंटीची अवघी १,२०४. आकारात एवढे अंतर असूनही राज्यघटनेनुसार प्रत्येक काउंटीत शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी, असेसर आणि नियामक मंडळ हे लोकांनी निवडून द्यावयाचे असतात. सॅन फ्रान्सिस्को वगळता हे मंडळ पाच सुपरवायझरांचे असते. शेरीफ तुरुंग चालवतो. डिस्ट्रिक्ट अटर्नी कोणावर खटला भरायचा आणि कोणावर नाही हे ठरवतो. असेसर घराजमिनीचे करपात्र मूल्य ठरवतो आणि सुपरवायझर अंदाजपत्रक मंजूर करतात. मराठी वाचकाने येथे 'शेरीफ' या शब्दाच्या परिचित अर्थापासून सावध राहिले पाहिजे. मुंबईच्या नगरपालाचे पद शोभेचे आहे. कॅलिफोर्नियातील शेरीफ हा हत्यारबंद दलाचा प्रमुख असतो.

या पदांची निवडणूक पक्षविरहित असते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या राज्यात जी सुधारणावादी लाट उसळली तिचा हा वारसा. पक्षाचे नाव मतपत्रिकेवर येत नाही, त्यामुळे मतदाराची एक सोयीची खूण नाहीशी होते. शिवाय प्राथमिक निवडणूक म्हणजे केवळ चाळणी, हा समज या पदांच्या बाबतीत खरा नाही. एखाद्या उमेदवाराला प्राथमिक निवडणुकीतच निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तो तेथेच निवडून येतो. कोणालाही तशी मते न मिळाल्यास पहिले दोघे नोव्हेंबरच्या मतदानाला जातात. जून २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत राज्यातील नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे एकतृतीयांशांनीच मतदान केले, नोव्हेंबरात सुमारे निम्म्यांनी. म्हणजे ज्या दिवशी निर्णय होऊन जाण्याचा संभव असतो, त्या दिवशी मतदार थोडे असतात. त्यातच शेरीफ आणि डिस्ट्रिक्ट अटर्नी यांच्या निवडणुका अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षी घेण्याचा कायदा झाल्यामुळे, २०२२ साली निवडून आलेल्या या अधिकाऱ्यांची मुदत बहुतेक काउंट्यांत सहा वर्षांची झाली. एका चुकीच्या वाचनाची किंमत सहा वर्षे मोजावी लागते, असा याचा अर्थ आहे.

या मजकुराचे परीक्षण केले असता असे दिसून येते की, उमेदवाराच्या योग्यतेचा शोध हा प्रथम त्याच्या वाक्याच्या योग्यतेचा शोध असतो; आणि वाक्याची योग्यता पारखावयाची तर उमेदवाराच्या आधी पदाचा अभ्यास करावा लागतो. 'पद' हा शब्द मराठीत अधिकाराचे स्थान आणि वाक्यातील शब्द या दोन्ही अर्थांनी चालतो. प्रस्तुत विषयात हे दोन अर्थ एकमेकांना येऊन मिळतात.

२

प्रथम तीन शब्दांचा विचार करू गेल्यास त्यामागील नियमांची सूक्ष्मता लक्षात येते. उमेदवाराने आपला सध्याचा अथवा लगतच्या आदल्या वर्षातील मुख्य व्यवसाय सांगावा. तीन शब्दांपेक्षा अधिक वापरू नयेत. स्थलनाम कितीही लांब असले तरी एकच शब्द धरावा. 'उत्कृष्ट', 'अग्रगण्य', 'तज्ज्ञ', 'सद्गुणी', 'प्रख्यात' अशा धर्तीचे मूल्यवाचक शब्द निषिद्ध आहेत. 'माजी' हा शब्द चालत नाही. 'निवृत्त' चालतो, पण तो आखूड करून अथवा विशेष्याच्या मागून लिहिता येत नाही. राजकीय पक्षाचे नाव चालत नाही. पुढे नियमावलीने असेही ठरवले आहे की, 'देशभक्त', 'करदाता', 'जागरूक नागरिक', 'पती', 'पत्नी' हे व्यवसाय नव्हेत, केवळ स्थिती होत. म्हणून त्यांनाही जागा नाही.

व्याकरणाच्या अंगाने पाहता हा विशेषणांविरुद्ध केलेला कायदा आहे. विशेषण काढून टाकले की मूल्य निघून जाईल आणि वस्तुस्थिती उरेल, अशी त्यामागील श्रद्धा दिसते. ही श्रद्धा भाषेच्या स्वभावाशी जुळत नाही. मूल्य विशेषणात राहते तसेच ते नामातही राहते. 'शेतकरी', 'शिक्षक', 'परिचारिका', 'छोटा व्यावसायिक' हे शब्द व्यवसाय सांगतात आणि त्याच श्वासात स्वभावाची साक्षही देतात. शेतकरी म्हटल्यावर कष्ट, शिक्षक म्हटल्यावर निःस्पृहता हे गुण वाचकाच्या मनात उभे राहतात. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर कायद्याने अभिधेची तपासणी केली आणि व्यंजनेला मोकळी वाट ठेवली.

याचे ठळक उदाहरण न्यायाधीशांच्या निवडणुकीत मिळते. सुपीरिअर कोर्टाचे न्यायाधीशही काउंटीच्या मतदारांसमोर उभे राहतात, आणि सरकारी वकिलांनी या स्पर्धेत आपल्या नावाखाली टोळ्यांच्या हत्या किंवा बालकांवरील अत्याचार अशा गुन्ह्यांचे फिर्यादी वकील म्हणून स्वतःची नोंद करण्याची रीत पडली होती. यात एकही विशेषण नाही, आणि कदाचित एकही असत्य नाही. तरीही गुन्ह्याचे नाम वकिलाच्या नामाला जोडताच जो अर्थ निर्माण होतो, तो 'सद्गुणी' या निषिद्ध शब्दाहून अधिक प्रभावी ठरतो. २०१७ साली कायदा करून सरकारी वकिलांना आपल्या नोकरीचे अधिकृत नावच लिहिण्याचे बंधन घालावे लागले. विशेषण हद्दपार केले की नाम त्याचे काम करू लागते, हे विधिमंडळाला अनुभवाने शिकावे लागले असे म्हणता येईल.

येथे आणखी एक भाषिक अडचण आहे. शब्द म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय तीन शब्द मोजता येत नाहीत. इंग्रजीत दोन शब्दांमध्ये जागा सुटते, म्हणून मोजणी शक्य होते, आणि जोडरेघेच्या शब्दांसाठी शब्दकोशाचा आधार घ्यावा असा नियम करून वाद मिटवता येतो. मराठीसारख्या समासप्रधान लेखनपद्धतीत हाच नियम लावला तर 'बालगुन्हेगारीप्रतिबंधक' हा एकच शब्द भरेल आणि मर्यादा नाममात्र उरेल. यावरून नियमाचा सारा भार एका भाषेच्या लेखनरूढीवर आहे हे स्पष्ट होते. मतपत्रिकेवरील नावांचा क्रम वर्णानुक्रमाने लागू नये म्हणून त्या राज्यात वर्णमालेतील अक्षरे चिठ्ठ्या टाकून फिरवली जातात. अक्षराने मिळणारा लाभ टाळण्याची ही दक्षता स्तुत्य आहे. मात्र नामाने मिळणाऱ्या लाभावर असा कोणताच उपाय सापडत नाही.

३

दोनशे शब्दांचे निवेदन हा दुसरा लेखनप्रकार. स्थानिक मंडळाने ठरवल्यास ही मर्यादा चारशे शब्दांपर्यंत वाढते. त्यात उमेदवाराने आपले नाव, वय, व्यवसाय, शिक्षण आणि लायकी सांगावयाची असते. पक्षाचा उल्लेख करावयाचा नाही. इतर उमेदवारांचा, त्यांच्या लायकीचा, चारित्र्याचा अथवा कामाचा कोणत्याही प्रकारे निर्देश करावयाचा नाही. मतदारांना फसवण्याच्या हेतूने महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी जाणूनबुजून खोटे लिहिल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. छापण्यापूर्वी दहा दिवस हा मजकूर जनतेला पाहण्यासाठी खुला असतो आणि आक्षेप असल्यास न्यायालयात जाता येते.

या प्रकाराचे मोल करताना न्यायशास्त्रातील शाब्दबोधाची चर्चा विशेष उपयोगी पडते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात वाक्याचा अर्थ कळण्यास तीन गोष्टी कारण सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द नुसते एकापुढे एक ठेवले तर त्यांना परस्परांची अपेक्षा नसते, म्हणून वाक्य होत नाही; हा आकांक्षेचा अभाव. अग्नीने शिंपावे असे म्हटले तर शब्द व्याकरणाने जुळतात, पण अग्नीच्या अंगी शिंपण्याचे सामर्थ्य नाही. हा योग्यतेचा अभाव. आणि वाक्यातील एकेक शब्द प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारला तर तेथे सन्निधीचा अभाव होतो. उमेदवारांची निवेदने या तीन कसोट्यांवर घासून पाहिली असता त्यांचे गुणदोष स्पष्ट दिसू लागतात.

आकांक्षेची कसोटी प्रथम घ्यावी. नमुन्यादाखल रचलेले एक वाक्य असे : 'मी गुन्हेगारी कमी केली, अंदाजपत्रक सांभाळले आणि समाजातील सर्व घटकांना एकत्र आणले.' वाक्य पूर्ण दिसते. पण त्यातील प्रत्येक क्रियापदाची भूक शिल्लक आहे. कमी केली म्हणजे कोठे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या प्रकारची गुन्हेगारी? सांभाळले म्हणजे मंजूर केले, खर्च केले की केवळ हिशेब लिहिला? एकत्र आणले म्हणजे कोणत्या प्रश्नावर, आणि त्यातून कोणता निर्णय झाला? शब्दमर्यादा आखूड असल्यामुळे तपशील गाळावे लागतात, हे समर्थन पुरेसे नाही. तारखेतील सर्व अंक मिळून एकच शब्द धरला जातो. म्हणजे सनाचा उल्लेख करण्यास फार जागा लागत नाही. दोनशे शब्दांत दहा नामे आणि चार सने सहज बसतात. ज्या निवेदनात ती नसतात तेथे अभाव जागेचा नसून अन्य कशाचा तरी असतो, अशी शंका वाचकाने घेणे रास्त ठरते. एच. पी. ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संभाषणाचा जो सहकार-सिद्धान्त मांडला त्यात, प्रसंगाला हवी तेवढी माहिती वक्त्याने द्यावी असा एक संकेत आहे. जेथे अधिक निश्चित सांगणे सोपे होते तेथे वक्त्याने मोघम सांगितले, तर मोघमपणालाच अर्थ प्राप्त होतो.

४

योग्यतेची कसोटी याहून कठीण आहे, कारण ती केवळ भाषेच्या ज्ञानाने लावता येत नाही. अग्नी शिंपीत नाही हे कळण्यास अग्नी ठाऊक असावा लागतो. असेसरच्या पदाचे उदाहरण घ्यावे. उमेदवार लिहितो, 'मी घरमालकांचा कराचा दर खाली आणीन.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. परंतु १९७८ साली मतदारांनी संमत केलेल्या तेराव्या प्रस्तावाने स्थावर मालमत्तेवरील मूळ कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला, आणि मालकी बदलेपर्यंत अथवा नवे बांधकाम होईपर्यंत करपात्र मूल्याची वाढ वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक होऊ नये असे ठरवले. असेसर मूल्य ठरवतो. दर ठरवणे त्याच्या हाती नाही. तेव्हा हे वाक्य अग्नीने शिंपण्याच्याच जातीचे होय. याउलट, 'बाजारभाव उतरल्यावर ज्यांचे मूल्य तात्पुरते कमी व्हावयास हवे अशांची फेरतपासणी मी विनाविलंब करीन' हे वाक्य कमी आकर्षक असले तरी योग्य आहे. ते काम त्या पदाकडेच आहे.

सुपरवायझरांच्या निवेदनांतही हाच दोष आढळू शकतो. काउंटीच्या अधिकाऱ्यांवर देखरेख करण्याचा अधिकार मंडळाला आहे आणि शेरीफच्या खात्याचे अंदाजपत्रकही मंडळच मंजूर करते. पण शेरीफच्या तपासकामात आणि डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या तपास व खटल्यांच्या कामात मंडळाने अडथळा आणू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. म्हणून 'मी गुन्हेगारांना गजाआड करीन' असे सुपरवायझरपदाच्या उमेदवाराने लिहिले तर कर्ता आणि क्रिया यांचा संबंध तुटतो. 'तुरुंगातील वैद्यकीय सेवेसाठी पैसा मंजूर करीन' असे तो लिहू शकतो, आणि पुढे त्याबद्दल त्याला जाब विचारता येतो. जाब विचारता येणे हीच सार्वजनिक वाक्याची खरी योग्यता आहे.

शेरीफपदाच्या बाबतीत योग्यतेचा प्रश्न उलट्या दिशेने उभा राहतो. येथे अशक्य गोष्ट बोलली जाते यापेक्षा, शक्य आणि अत्यावश्यक गोष्ट बोलली जात नाही ही अडचण मोठी आहे. कॅलिफोर्नियातील बहुतेक काउंट्यांत शेरीफ हाच कॉरोनरही असतो, म्हणजे संशयास्पद मृत्यूच्या कारणाचा शोध घेण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. तुरुंगही त्याच्याच ताब्यात. कोठडीत मृत्यू झाला तर कोठडीचा धनी आणि मृत्यूचे कारण नोंदणारा अधिकारी एकच. या पदाचा उमेदवार आपल्या निवेदनात गस्त, टोळ्या आणि अमली पदार्थ यांविषयी लिहील. पण या दुहेरी अधिकाराविषयी त्याचे मत काय, हे मतदाराने विचारल्याखेरीज त्याने सांगावे असे कोणतेही बंधन त्याच्यावर नाही. मौनाला दंड नाही. दंड आहे तो केवळ जाणूनबुजून केलेल्या असत्याला.

उमेदवार म्हणून उभे राहण्याची किंवा पद चालवण्याची कायदेशीर पात्रता हा एक निराळा प्रश्न आहे, आणि तो योग्यतेच्या प्रश्नात मिसळता कामा नये. डिस्ट्रिक्ट अटर्नीला वकिलीची सनद लागते; असेसरला मूल्यांकनकाराचे प्रमाणपत्र लागते; शेरीफला ठराविक प्रमाणपत्र, अथवा कायदापालनाच्या नोकरीचा अनुभव आणि शिक्षण यांचा ठराविक मेळ लागतो. सुपरवायझरला असे कोणतेही व्यावसायिक प्रमाणपत्र लागत नाही. जी अट सर्वच उमेदवार पुरी करतात ती निवेदनात पुन्हा सांगितल्याने निवडीला मदत होत नाही. सनद असलेल्या चार वकिलांपैकी कोणाला निवडावे, हे सनदेवरून कळत नाही. मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयाच्या लिंगांत अपूर्वता गणली आहे. अन्यत्र न मिळणारे जे काही मजकुरात असेल तेथेच त्याचे तात्पर्य शोधावे, हा त्यातील विचार येथे उपकारक ठरतो.

५

तिसरी कसोटी सन्निधीची. माहितीपुस्तिकेत एकाच पदाच्या उमेदवारांची निवेदने शेजारी शेजारी छापली जातात. कागदावर सान्निध्य पूर्ण आहे. परंतु एकाने दुसऱ्याचा निर्देशही करावयाचा नाही, या नियमामुळे त्यांच्यांत वाक्यसंबंध जुळत नाही. प्रत्येक निवेदन स्वतःशीच बोलते. निवड ही तुलनेची क्रिया आहे आणि तुलनेलाच येथे मज्जाव आहे. या नियमाने सरकारी खर्चाच्या अथवा सरकारी शिक्क्याच्या पुस्तिकेत निंदानालस्ती शिरत नाही, हा त्याचा लाभ मान्य केला पाहिजे. पण पदस्थ अधिकाऱ्याच्या कारभारावर त्याचा प्रतिस्पर्धी एक वाक्यही लिहू शकत नाही, ही त्या लाभाची किंमत होय. मतपत्रिकेवर पदस्थाला 'पदस्थ' एवढा एकच शब्द पुरतो, आणि त्या शब्दाचे परीक्षण पुस्तिकेत कोठेच होत नाही.

ज्या कागदांवरून ते परीक्षण होऊ शकते ते अन्यत्र असतात. १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्यानुसार उमेदवाराला देणग्यांचा आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. वर्षभरात १०० डॉलर अथवा अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण त्यात नोंदवले जाते. सुपरवायझर आणि डिस्ट्रिक्ट अटर्नी या पदांच्या उमेदवारांना आर्थिक हितसंबंधांचे विवरणही द्यावे लागते. १९५३ च्या ब्राउन कायद्याने स्थानिक मंडळांच्या सभा उघड्यावर व्हाव्यात आणि कार्यक्रमपत्रिका आधी लावाव्यात असे बंधन घातले. त्यामुळे विद्यमान सुपरवायझरने कोणत्या ठरावावर काय भूमिका घेतली हे इतिवृत्तांतून काढता येते. निवेदन टपालाने येते, हिशेब ठराविक मुदतींना दाखल होतात, विवरण उमेदवारी-अर्जाच्या वेळचे असते आणि इतिवृत्ते चार वर्षांत विखुरलेली असतात. प्रहराप्रहराला एकेक शब्द उच्चारावा, तसाच हा प्रकार आहे. वाक्य पूर्ण आहे; पण ते कानावर एका दमात पडत नाही. मतदाराचे संशोधन म्हणजे हे विखुरलेले शब्द एकत्र आणून सन्निधी निर्माण करणे.

हे काम यांत्रिक नाही. त्याला पाठचिकित्सेची दृष्टी लागते. विवरणपत्रात गुंतवणुकीचा आकडा दिला जात नाही, टप्पा दिला जातो : २,००० ते १०,००० डॉलर, त्यापुढे १ लाखापर्यंत, त्यापुढे १० लाखांपर्यंत आणि त्याहून अधिक. स्वतःच्या राहत्या घराचा त्यात समावेश होत नाही. म्हणजे या कागदावरून संपत्ती मोजता येत नाही. हितसंबंध कोठे आहेत ते मात्र कळते. ज्याची गुंतवणूक बांधकामाच्या धंद्यात आहे तो जमीनवापराच्या ठरावावर मत देणार आहे, एवढे कळणे पुरेसे असते. त्याचप्रमाणे देणग्यांच्या यादीत व्यवसायाची नामे पुन्हा भेटतात. उमेदवाराच्या तीन शब्दांत जे नाम बोलके होते, त्याच्या शेजारी देणगीदारांची नामे ठेवून पाहिली तर पहिल्या नामाची व्यंजना पुष्कळदा बदलते. स्वतःस छोटा व्यावसायिक म्हणवणाऱ्याला बळ कोणी दिले, हे त्या दोन याद्या एकत्र वाचूनच समजते.

येथे एका सावधगिरीची जोड दिली पाहिजे. पुस्तिकेत निवेदनच नसणे हा दोषाचा पुरावा मानता येत नाही. छपाईचा खर्च उमेदवारांकडून वाटून घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि मोठ्या काउंटीत तो बराच होतो. तेव्हा तेथील मौन हे कधी उदासीनतेचे, तर कधी केवळ पैशाच्या अभावाचे असते. निवेदनाच्या आतील मौन आणि निवेदनाचाच अभाव या दोहोंचा अर्थ एक नव्हे. पहिल्यात बोलण्याची संधी घेऊन एक गोष्ट टाळलेली असते, दुसऱ्यात ती संधीच हाती आलेली नसते.

६

या लेखनप्रकाराचे स्वरूप भारतीय शपथपत्राशी तुलना केली असता अधिक उठावदार होते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिलेल्या निर्णयाने उमेदवाराची पार्श्वभूमी जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला आणि १३ मार्च २००३ च्या निर्णयाने तो दृढ केला. तेव्हापासून लोकसभा आणि विधानसभा यांच्या उमेदवारांना गुन्हेविषयक प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या निवडणुकांतही उमेदवाराकडून असे शपथपत्र घेतले जाते. भाषिक दृष्ट्या शपथपत्र हे उत्तर आहे. प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो आणि रकाना रिकामा सोडता येत नाही. कॅलिफोर्नियातील निवेदन हे आत्मकथन आहे. काय सांगावयाचे याची निवड सांगणाऱ्याकडेच असते.

परंतु यावरून शपथपत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. जिल्हा परिषदेचा उमेदवार किती एकर जमिनीचा धनी आहे हे शपथपत्र सांगते. ग्रामीण रस्ते, प्राथमिक शाळा किंवा आरोग्यकेंद्रे यांविषयी त्याला काय कळते, याचा रकाना त्यात नाही. एकात दोषांची नोंद आहे पण कर्तृत्वाचा पत्ता नाही; दुसऱ्यात कर्तृत्वाचे वर्णन आहे पण दोषांना जागा नाही. दोहोंतही एक गोष्ट समान रीतीने गैरहजर आहे, आणि ती म्हणजे ते पद. मनुष्य कसा आहे हे सांगण्याची व्यवस्था दोन्हीकडे आहे. काम काय आहे, त्याची सीमा कोठे संपते आणि त्या सीमेच्या आत या मनुष्याने काय केले अथवा करीन म्हटले, हे जोडून देण्याची जबाबदारी वाचकावर टाकलेली आहे.

म्हणून मतदाराच्या वाचनाचा क्रम रूढ क्रमाच्या उलट असणे इष्ट ठरते. आधी पदाचे अधिकार आणि मर्यादा. नंतर इतिवृत्ते, हिशेब आणि विवरणे. सर्वांत शेवटी निवेदन आणि ते तीन शब्द. या क्रमाने वाचले असता निवेदनातील वाक्ये आपोआप दोन राशींत पडतात. जी त्या पदावरील मनुष्याला करता येण्याजोगी आहेत ती एका बाजूस, आणि अग्नीने शिंपण्याच्या जातीची दुसऱ्या बाजूस. पहिल्या राशीत एखादेच वाक्य उरले तरी हरकत नाही. चार किंवा सहा वर्षांनी त्याच उमेदवाराचे पुढचे निवेदन हाती आले म्हणजे त्या एका वाक्याशी ते ताडून पाहता येते, आणि पदस्थ या शब्दाला तेव्हा कोठे काही निश्चित अर्थ येतो.